सदतिसावं पान

तपासणी प्रयोग सकाळी अकराला सुरू झाला आणि बारा वाजून दहा मिनिटांनी मेला. नाटकांना परवाने देणाऱ्या मंडळाच्या कागदावर ‘थांबवण्यात आला’ असं लिहिलं गेलं, पण थांबवायला कुणी हातही वर केला नव्हता. पहिल्या रांगेत बसलेल्या तीन परीक्षकांपैकी एकाने पेनला टोपण लावलं, एवढंच. नाटकाच्या धंद्यात जन्म काढलेल्या माणसांना तेवढं पुरतं.

झालं ते असं. ही कंपनी चालवणाऱ्या भावंडांच्या वडिलांनी लिहिलेलं ‘राजाचा न्हावी’ हे नाटक कंपनी तीस वर्षं करत होती. दुसऱ्या अंकात न्हावी राजाच्या गळ्याला वस्तरा लावून उभा असतो आणि म्हणतो, ‘महाराज, मी तुम्हाला भीत नाही. मी तुमच्या भीतीला भितो.’ त्यावर राजा विचारतो, ‘मग तुझा हात का थरथरतो?’ सहा वर्षांपूर्वी मंडळाने न्हाव्याचं वाक्य काळ्या शाईने बुजवलं आणि राजाचं तसंच ठेवलं. तेव्हापासून न्हावी नुसता उभा राहायचा आणि राजा कुठूनतरी ‘मग’ म्हणून सुरुवात करायचा. नवे प्रेक्षक त्या ‘मग’ला हसायचे. जुने हसत नसत, कारण त्यांनी वाक्य ऐकलेलं होतं.

तपासणीत नेमका तिथेच हिरो अडला. हिरो म्हणजे थोरल्याचा, वडिलांच्या मोठ्या मुलाचा, मुलगा. घरात त्याला हे नाव चिडवायला पडलं होतं, पुढे तो खरंच मुख्य कामं करायला लागला तेव्हा चिडवण्यातली मजा गेली आणि नाव राहिलं. अडायला त्या जागी वाक्यच नव्हतं, पण समोरची तीन माणसं बघून त्याचं डोकं रिकामं झालं आणि त्याने सवयीने डाव्या विंगेकडे पाहिलं. तिथे लाकडी खुर्चीवर त्याची आत्या बसली होती. ती बावीस वर्षांची असल्यापासून तिथे बसते आणि अडलेल्याला वाक्य देते. आज ती सहासष्ट वर्षांची आहे. कंपनी तिला पाठीमागे ‘कुजबुज’ म्हणते. कुजबुजने वाक्य दिलं. विंगेतून आलेलं वाक्य रंगमंचावर उभं राहून तपासत बसायचं नाही, घ्यायचं, हा वडिलांचा नियम. हिरोने घेतलं आणि खणखणीत म्हटलं. इतकं चांगलं ते तीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं, असं राजा करणारा नट नंतर म्हणाला. पण ते सगळं नंतर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घर तालमीच्या खोलीत जमलं. घर याच खोलीच्या वरच्या मजल्यावर होतं, त्यामुळे जमायला एक जिना उतरला की झालं. भिंतीला चीर गेलेला लांब आरसा, कोपऱ्यात शिलाई मशीन, जमिनीवर मागच्या नाटकाच्या दारा-खिडक्यांच्या चिकटपट्टीच्या खुणा. थोरल्याने मधोमध टेबल ओढून घेतलं होतं आणि त्यावर एकच कागद ठेवला होता. थोरला कंपनीचा मॅनेजर, म्हणजे रंगमंचावर कधी न गेलेला आणि रंगमंचावर गेलेल्या सगळ्यांना पोसणारा माणूस. रात्रभरात त्याचा चेहरा आंबला होता.

रात्री त्याने मधल्याला फोन केला होता, हे त्याने आधीच सांगून टाकलं. मधला म्हणजे त्याचा पाठचा भाऊ. ‘राजाचा न्हावी’तला पहिला न्हावी तोच. वडील गेले त्या वर्षी त्याने कंपनी सोडली आणि मंडळात नोकरी धरली. त्यावरून या घरात चौदा वर्षं जे काही झालं त्याची उजळणी आज कुणी केली नाही, कारण आज गरज पडली होती. अडला हरी म्हणतात तसं. मधल्याने फोनवर सांगितलं ते थोरल्याने जसंच्या तसं सांगितलं. मंडळाच्या नियमात दोनच रस्ते आहेत. बुजवलेलं वाक्य जाणूनबुजून म्हटलं गेलं असेल तर परवाना कायमचा रद्द, आणि म्हणणाऱ्याला दहा वर्षं कुठल्याही रंगमंचावर बंदी. अनवधानाने म्हटलं गेलं असेल तर, ज्याचं अनवधान त्याने तसं लिहून द्यायचं आणि काम सोडायचं. परवाना राहतो. त्या लिहून देण्याला अनवधान-पत्र म्हणतात आणि त्याचा छापील नमुना मिळतो. टेबलावरचा कागद तोच होता.

“दुपारी तीनला तो स्वतः येतोय जबाब घ्यायला,” थोरला म्हणाला. “दुसरा कुणी आला असता तर एवढीही सोय झाली नसती.”

ताई, म्हणजे हिरोची विंगेतली आत्या, खिडकीपाशी बसली होती. भावंडांत ती सगळ्यांत मोठी, त्यामुळे दोघे भाऊ आणि भावजय तिला ताई म्हणत. ती म्हणाली, की कागदावर लिहायचं काय?

थोरल्याने वाचून दाखवलं. नमुन्यातल्या रिकाम्या जागा त्याने रात्रीच भरल्या होत्या. वयोमानामुळे खालील सही करणारीची स्मरणशक्ती गेली असून तिला पूर्वीचे काहीही आठवत नाही, तसेच कुठले वाक्य मंजूर व कुठले नामंजूर याचे तिला भान राहिलेले नाही. सोबत डॉक्टरचा दाखला. दाखलाही तयार होता. नटांच्या बसलेल्या आवाजावर औषध देणारा डॉक्टर वर्षानुवर्षं फुकट पास घेत आला होता, त्याने पहाटे उठून तो लिहून दिला. घशाच्या डॉक्टरने डोक्याचा दाखला दिला, आणि कुणालाही हसू आलं नाही.

“माझ्या हातून चूक झालेली नाही,” ताई म्हणाली. “तो अडला, मी वाक्य दिलं. एवढंच माझं काम आहे.”

“पण ते वाक्य नव्हतंच ना तिथे!”

“तिथे काय होतं मग? ‘मग’च्या आधी काहीतरी असतं रे. मला दिसत होतं शाईखाली.”

थोरल्याने टेबलावरचा कागद सरळ केला. त्याला राग आला होता, आणि राग ताईचा नव्हता हे त्याला कळत होतं, पण समोर ताईच होती. कंपनी त्याने कशी चालवली ते त्याचं त्यालाच माहीत. समोरच्या गल्लीतल्या थिएटरात आता मंडळाच्या जुन्या फायली ठेवतात, बाल्कनीपर्यंत. गाण्याबजावण्याची एक कंपनी होती, ती सरकारने ताब्यात घेतली, ती हल्ली झाडं लावा आणि पाणी वाचवा यांवर नाटकं करते, पगार वेळेवर होतो आणि प्रेक्षक शाळेतून आणतात. लेखकांचं तर असं झालं की ते कात्रीकडे बघून लिहायला शिकले. प्रत्येक नाटकात दोन वाक्यं मुद्दाम भडक घालायची, म्हणजे परीक्षक ती कापून खूश होतो आणि बाकीचं सोडतो. धंद्यात अशा वाक्याला ‘बकरा’ म्हणतात. ही युक्ती थोरल्याचीच. पहिल्या वर्षी ती चालली, दुसऱ्या वर्षी मंडळाने बकरे कापले आणि शेजारचीही दोन वाक्यं कापली. आता लेखक पानापानावर बकरे सोडतात, आणि कापून झाल्यावर आत मूळ नाटक काय होतं ते त्यांनाही सापडत नाही.

आणि ताई होती म्हणून काम चाललं होतं, हेही त्याला माहीत होतं. मंडळाच्या हुकुमाने सगळ्या नाटकांच्या मूळ वह्या जमा कराव्या लागल्या होत्या. तिथून ठप्पा मारलेली प्रत परत येई, त्यात कधी पान गहाळ, कधी दोन पानं चिकटलेली, कधी भलत्याच नाटकाचं पान टाचलेलं. तक्रार करायची तर नव्याने अर्ज आणि सहा महिने. तेव्हा थोरला पेन उघडून बसायचा आणि ताईला म्हणायचा, अमुक पान सांग गं. ताई निवडणं-टिपणं न थांबवता सांगायची, स्वल्पविरामासकट. वडिलांची चौदा नाटकं होती. कागदावर ती आता कुठेच पूर्ण नव्हती.

पण परवाना गेला तर या आठवणीचं करायचं काय, हा विचार त्याने रात्रीच करून संपवला होता.

वहिनीने अजून तोंड उघडलं नव्हतं. थोरल्याची ही बायको कंपनीचे कपडे शिवते, आणि या घरात ताईची बाजू घेणारी तेवढी एकच. लग्न होऊन आली तेव्हा तिला ना नाटक कळत होतं ना नाटकवाले. ताईने तिला दोन्ही शिकवलं. आज सकाळी जिना उतरताना तिने नवऱ्याला बजावलं होतं, की ताईंना वेडं ठरवणार असाल तर आधी मला ठरवा. ते तिने मनापासून म्हटलं होतं.

पण आता हिरो उठला. तो म्हणाला, मी जाणूनबुजून म्हटलं असं लिहून देतो, परवाना गेला तर जाऊ दे. वाक्य माझ्या तोंडून गेलं, आत्याच्या नाही. दहा वर्षं तर दहा वर्षं.

वहिनीने मुलाकडे पाहिलं. तो एकोणतीस वर्षांचा होता. दहा वर्षांनी तो एकोणचाळीसचा होईल, पोट सुटेल, आणि नाटकाशिवाय त्याला दुसरं काही येत नाही. दुकानात बसवला तर गिऱ्हाईकाला नमस्कार करून पडद्याआड जाईल. तिने हातातल्या कापडाची घडी घातली, पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

“ताई,” ती हळूच म्हणाली, “एक सही तर करायची आहे. आपल्याला सगळ्यांना माहीत आहे ना खरं काय ते.”

ताईने तिच्याकडे मान वळवून पाहिलं. रागाने नाही. रंगमंचावर एखाद्या नटाने दोन वाक्यं गाळून पुढे उडी मारली की ती वहीत बोट जसं पुढे सरकवायची, तसं तिने मनात काहीतरी पुढे सरकवलं. वहिनीला ते दिसलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. लाज वाटली म्हणून तिने शब्द मागे घेतला असंही नाही.

विरोध केला तो एकट्या सुनेने, आणि तो कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. हिरोची बायको बाहेरून आलेली. तिचं आणि आत्याचं पहिल्या दिवसापासून वाकडं. ही एखादी गोष्ट सांगायला लागली की आत्या मध्येच शब्द दुरुस्त करायची, आणि ही ताट बाजूला सारून उठायची. तीन वर्षं दोघी एकमेकींशी तिसऱ्या माणसामार्फत बोलत होत्या. सून तिकीट खिडकीवर बसते आणि कागद नीट वाचते. तिने टेबलावरचा कागद उचलला आणि मागची बाजू वाचली. कुणीच ती वाचली नव्हती.

तिने सांगितलं, की मागे लिहिलंय, सही करणाऱ्या व्यक्तीची स्मरणशक्ती शाबूत असल्याचं पुढे कधीही आढळलं तर हे पत्र खोटं धरलं जाईल आणि प्रकरण जाणूनबुजून केलेलं समजलं जाईल. म्हणजे आज सही करून भागणार नाही. जन्मभर विसरावं लागेल.

“ते नुसतं छापील असतं गं,” थोरला म्हणाला.

“बाबा, काळी शाईसुद्धा छापीलच असते. जे लिहून द्याल ते खरं करावं लागेल, एवढंच सांगते. मग म्हणू नका.”

हिरो तिला म्हणाला, की तुला कधीपासून आत्याचा पुळका आला? तिने कागद मागची बाजू वर करून टेबलावर ठेवला. थोरल्याने विषय बदलला आणि मधला आला की त्याला चहा द्यायचा की नाही यावर बोलणं नेलं. यावर मात्र सगळे हिरिरीने बोलले. हिरो म्हणाला पाणीसुद्धा नको. वहिनी म्हणाली दारात आलेल्याला चहा द्यावाच. ताई एवढंच म्हणाली, की त्याला साखर कमी लागते. चौदा वर्षं तो या घरी चहा प्यायला नव्हता.

बरोबर तीनला मधला आला. साहेब झाल्यापासून तो जाड झाला होता आणि हळू बोलायचा. बरोबर लेखनिक होता, त्याला त्याने बाहेर मोटारीतच बसवलं. हे उपकार आहेत हे सगळ्यांना कळावं म्हणून त्याने ते दोनदा सांगितलं. खोलीत शिरताना तो जमिनीवरची चिकटपट्टीची एक खूण चुकवून वळसा घालून आला. तिथे मागच्या नाटकातलं दार होतं, आणि भिंतीतून चालत यायचं नाही ही सवय त्याची अजून गेली नव्हती. ते बघून थोरल्याला उगाचच बरं वाटलं.

मधल्याला खरं तर यायचं नव्हतं. पण दुसरा कुणी आला असता तर त्याने ताईला दोन प्रश्न विचारले असते आणि ताईने त्याला चौदा नाटकं पाठ म्हणून दाखवली असती, अशी त्याला धास्ती होती. मंडळात तो कडक म्हणून ओळखला जायचा. तो कडक नव्हता, घाबरट होता, आणि घाबरटपणा टेबलाच्या पलीकडून पाहिला की कडक दिसतो. घरच्यांनी त्याला विकला गेलेला ठरवलं होतं. त्याच्या मते कंपनी अजून उघडी होती ती त्याच्यामुळे. दोन्ही खरं होतं, म्हणून तर चौदा वर्षांत भांडण मिटलं नव्हतं.

“तुम्हाला कशासाठी बोलावलं आहे ते कळतंय का?” त्याने कागदावर बघत विचारलं.

“अरे, बोलावलं कुठे? मी घरातच आहे,” ताई म्हणाली.

थोरला खाकरला. मधल्याने पुढचा प्रश्न वाचला. आज तारीख कोणती, साल कोणतं. तारीख आणि साल तिने चुकीचं सांगितलं, सकाळी पढवल्याप्रमाणे. तिने सांगितलेल्या तारखेला ‘राजाचा न्हावी’चा पहिला प्रयोग झाला होता. हे खोलीत फक्त मधल्याच्या लक्षात आलं. त्याने मान खाली घातली आणि ‘चुकीचे उत्तर’ असं लिहिलं.

“आता आक्षेप घेतलेलं वाक्य वाचतो. हे वाक्य तुम्ही यापूर्वी ऐकलं आहे का, ते सांगायचं.” त्याने फाईल उघडली. “‘महाराज, मी तुम्हाला भीत नाही. मी तुमच्या नीतीला भितो.’”

‘नीतीला’ ऐकून सगळ्यांनी एकदम माना वर केल्या.

परीक्षकांच्या लेखनिकाने ऐकताना ‘भीतीला’चं ‘नीतीला’ केलं होतं. मंडळाने ते वाचलं, सरकारच्या धोरणावर टीका आहे असं ठरवलं, आणि म्हणून प्रकरण एवढं चिघळलं. शाईखाली मूळ काय होतं ते मंडळातही कुणाला वाचता येत नव्हतं. हिरो उसळून म्हणाला, काका, ते तसं नाहीये, आणि थोरल्याने टेबलाखालून त्याचा गुडघा इतका जोरात दाबला की तो अर्ध्यावरच थांबला.

“प्रतीत काय होतं याला महत्त्व नाही,” मधला म्हणाला. “नोंदीत काय आहे त्याला आहे. सही नोंदीखाली होते.”

वहिनी ताईच्या शेजारी बसली होती आणि तिने ताईचा हात धरून ठेवला होता. तो हात एकदम ताठ झाला. ताईचे ओठ हलले. चव्वेचाळीस वर्षं एकही चुकीचा शब्द तिने आपल्यासमोरून जाऊ दिला नव्हता, लग्नात, मयतात, कुणी प्रेमाने बोलत असताना, कधीच नाही. याच एका खोडीमुळे सून तिच्याशी बोलत नव्हती. आणि सूनच आता समोरून तिच्याकडे एकटक बघत होती आणि अगदी थोडी मान हलवत होती, नको म्हणून.

वेडी ठरवताय याचं ताईला फार वाटलं नव्हतं. म्हातारपणी कुणी ना कुणी ठरवतंच. पण या चुकीच्या शब्दाखाली आपली सही पडणार, आपल्या वडिलांचं वाक्य ‘नीतीला’ म्हणून फायलीत जाणार आणि शंभर वर्षांनी कुणी उघडलं तर तेच खरं समजणार, हे तिच्या घशाखाली उतरेना. एक अक्षर सांगायचं होतं. हळू सांगितलं असतं तरी चाललं असतं, तिला हळूच सांगता यायचं. तिने हिरोकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघत होता, काल विंगेकडे पाहिलं होतं तसाच.

“नाही,” ती म्हणाली. “कधी ऐकलं नाही.”

मधल्याने ते लिहिलं आणि कागद तिच्यापुढे सरकवला. तिने सही केली, नीट, पूर्ण, वाक्याच्या बरोबर खाली. मग ती उठली आणि चहा ठेवते म्हणाली. मधला म्हणाला, चहा नको, मोटारीत माणूस बसला आहे.

तो निघाला तेव्हा ताईच त्याला दारापर्यंत सोडायला गेली. खोलीतल्यांना पाठमोरी दोघं दिसत होती. मधला पायऱ्यांशी थांबला. त्याने फाईल काखेत घेतली आणि हळू आवाजात, साहेबाचा आवाज बाजूला ठेवून, विचारलं, “ताई, ते ‘नीतीला’ नव्हतं ना गं? मी म्हणायचो तेव्हा. मला काही केल्या आठवेना, वाचताना खटकलं फक्त.”

“कुठे म्हणायचास?”

“त्या वाक्यात. वस्तऱ्याच्या.”

“कुठल्या वाक्यात?” ताईने विचारलं.

तिचा चेहरा अगदी साधा होता. मधल्याने फाईल दुसऱ्या काखेत घेतली. त्याला वाटलं ती आता हसेल. मग तो उतरून गेला, आणि खालून मोटारीचं दार बंद झाल्याचा आवाज आला.

परवाना चौथ्या दिवशी परत आला. थोरल्याने पेढे आणले नाहीत, पण आणावेसे वाटले असं तो म्हणाला. विंगेतली लाकडी खुर्ची मंडळाच्या माणसाने येऊन बघितली आणि ती रिकामी असल्याची नोंद करून गेला. ताई वरच्या मजल्यावर राहू लागली. बोलायची नेहमीसारखी, पण कुणाचा शब्द दुरुस्त करत नसे. सुनेने एकदा जेवताना मुद्दाम एक म्हण उलटी म्हटली. आत्या जेवत राहिली. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ती ताट बाजूला सारून उठली.

त्याच आठवड्यात वडिलांच्या दुसऱ्या एका नाटकाची ठप्प्याची प्रत आली. महिन्यावर प्रयोग होता. थोरल्याने तालमीच्या खोलीत पानं मोजली आणि नेहमीप्रमाणे शिवी घातली. छत्तीसनंतर थेट एकोणचाळीस. सदतीस आणि अडतीस, एकाच कागदाच्या दोन बाजू, मंडळात कुठेतरी राहिल्या होत्या. त्याच पानांवर आई मुलाला ओळखते, नाटक सगळं तिथेच आहे. हिरोने त्या नाटकात कधी काम केलं नव्हतं. राजा करणाऱ्या नटाने केलं होतं, पण वीस वर्षांपूर्वी आणि तेही पोस्टमनचं.

ताई भाजी निवडायला खाली येऊन बसली होती, कारण वर ऊन लागत होतं. थोरल्याने कोरा कागद घेतला, पेन उघडलं, आणि मान वर न करता म्हणाला, “ताई, सदतिसावं पान सांग गं.”

शेंगा सोलल्याचा आवाज येत राहिला.

“ताई.”

“मला पूर्वीचं काही आठवत नाही,” ताई म्हणाली.

थोरला हसला. मग त्याने वर पाहिलं. तो म्हणाला, की अगं, आता कुणी नाही इथे, आपलीच माणसं आहेत.

“आपल्याच माणसांनी लिहून घेतलंय,” ती म्हणाली. “मागची बाजू हिने वाचून दाखवली होती तुम्हाला.”

सुनेने खाली पाहिलं. हिरो आत्याच्या पायांशी येऊन बसला आणि म्हणाला, आत्या, माझ्यासाठी. त्याने ते इतकं चांगलं म्हटलं की क्षणभर वहिनीला वाटलं आता ती सांगेल. ताईने त्याच्या केसांवरून हात फिरवला. तिला ते पान दिसत होतं, आईचं पहिलं वाक्य, त्यानंतरची ती लांब शांतता, आणि मुलगा काय म्हणतो ते, स्वल्पविरामासकट. तिने शेंगांची टोपली मांडीवर घेतली.

वहिनी मशीनपाशी बसून होती. तिने पायडलवर पाय ठेवला होता पण मशीन चालवत नव्हती. थोरला पेन उघडंच धरून बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, “मग?”

सगळ्यांनी ताईकडे पाहिलं. ती शेंगा सोलत राहिली.